साहेबांच्या दोन इंजिनिअर

इंटर्नशिपमध्ये पगार साठत नाही, किस्से साठतात. आम्ही मैत्रिणी भेटलो आणि एकीनं सुरुवात केली की दुसरी तिला पुरतं बोलूसुद्धा देत नाही. माझे सगळे किस्से परंड्याचे. सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाला सहा महिने कुठंतरी काम करून सर्टिफिकेट आणल्याशिवाय आमचा निकाल लागत नव्हता. म्हणून मी आणि माझ्या वर्गातली सना शेख परंड्यात घरांचे प्लॅन काढणाऱ्या एका इंजिनिअरच्या ऑफिसात लागलो. त्यांना सगळे साहेब म्हणतात. सर्टिफिकेटवर सही त्यांचीच, म्हणजे सहा महिने आमचं तोंडही त्यांच्याच ताब्यात.

*

पहिल्या दिवशी आमच्या ईट गावाहून अण्णा, म्हणजे माझे वडील, सोबत आले होते. मी विचारलं, "साहेब, स्टायपेंड किती मिळेल?"

साहेबांनी अण्णांकडं बघून उत्तर दिलं. "पोरगी हुशार आहे तुमची. पण शिकायला मिळतंय हाच पगार समजायचा. आमच्या गुरूंनी आम्हाला एक रुपया दिला नाही. उलट त्यांच्या घरचं दळण आम्ही आणायचो."

"बरोबर हाय साहेब," अण्णा म्हणाले.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "अण्णा, तुम्ही माझ्याकडून आलात का त्यांच्याकडून?"

"आगं, मोठ्या माणसाला लगेच आडवं बोलू न्हाय."

पुढच्या सोमवारी माझ्या टेबलाखाली गव्हाची पिशवी ठेवलेली होती.

*

दोन महिन्यांत अकरा घरांचे प्लॅन आम्ही काढले. साहेब सही करायचे. एकदा मी धीर करून म्हणाले, "साहेब, मी रोज ईटहून येते. निदान गाडीभाडं तरी द्या."

साहेबांनी चष्मा काढला. "बायकांना आता एसटीत अर्धं तिकीट आहे ना? मग अर्धा स्टायपेंड सरकार देतंयच की."

"आणि राहिलेला अर्धा?" सनानं विचारलं.

"तू कशाला बोलतेस? तू तर चालत येतेस."

*

आमचं कसं चाललंय बघायला कॉलेजातून एक सर आले. साहेबांनी आम्हाला चहा सांगायला पाठवलं. परत आलो तेव्हा आजकालच्या मुलांना संयम नाही, यावर दोघांचं एकमत झालं होतं.

सरांनी विचारलं, "काय काय शिकलात?"

सना म्हणाली, "साहेबांचा चहा बिनसाखरेचा, सर. तुमचा आज कळेल."

रिपोर्टवर सरांनी 'समाधानकारक' लिहिलं.

*

हमीदचाचांचं स्टँडजवळ फळांचा गाडा आहे. आयुष्यभर गाड्यावर केळी विकून त्यांनी प्लॉट घेतला होता. त्याची मापं घ्यायला आम्ही गेलो, तेव्हा फीची बोलणी चालली होती.

"साहेब, फी लई होतीय."

"चाचा, दोन-दोन इंजिनिअर ठेवल्यात मी. त्यांचे पगार कुठून काढू?"

त्या दोन इंजिनिअर प्लॉटच्या दोन टोकांना टेप धरून उभ्या होत्या. सनाच्या हातून टेप सुटला आणि सर्रकन माझ्याकडं आला.

चाचा म्हणाले, "पोरींच्या पगाराचं म्हणताय, मग कमी करा म्हणत न्हाय. पुरे पैसे देतो."

*

आणि त्याच घराचा स्लॅब. इंजिनिअरनं लोखंड बघून हो म्हटल्याशिवाय मिस्त्री मिक्सर चालू करत नाही. साहेब लग्नाला गेले होते. सकाळी मला फोन आला, "तूच जाऊन ये. बघायचं काही नाही, नुसतं हो म्हणायचंय."

मी वर चढले. बाहेर काढलेल्या गॅलरीच्या मुख्य सळया वरच्या अंगाला लागतात. इथं त्या खाली बांधल्या होत्या. खालचे टेकू काढले असते, तर गॅलरी माणसांसकट खाली आली असती.

"मिस्त्री, थांबवा," मी म्हणाले.

वीस माणसं घमेली घेऊन उभी. खाली चुलीवर सगळ्यांच्या जेवणाची देग चढलेली. चाचांनी खिशातून फोन काढला. "बेटी, तुझ्यावर भरोसा हाय. पण येक डाव साहेबांना इचारतो." त्यांनी फोन लावून स्पीकरवर टाकला. पलीकडं बँड वाजत होता.

"चाचा, तिचं काय ऐकताय?" साहेब ओरडले. "शिकाऊ पोरगी आहे ती. फुकट येते शिकायला. टाका तुम्ही स्लॅब."

चाचांनी माझ्याकडं बघितलं, मग फोनकडं.

"फुकट येती? मग साहेब, माझ्याकडून तुम्ही पगार कुणाचा घेतला?"

बँड एकदम बंद झाला. साहेबांनी फोन कट केला होता.

मिस्त्री गॅलरीवर वाकून बघत होता. "म्याडमचं बरोबर हाय चाचा. माझीच नजरचूक. दोन तास द्या." माणसांनी घमेली खाली ठेवली आणि सळया सोडायला घेतल्या.

अर्ध्या तासानं अण्णांचा फोन आला. सर्टिफिकेट गेलं असं धरूनच मी उचलला.

"साहेबांचा फोन आलता," अण्णा म्हणाले. "लई तापले होते. म्हणले, पोरीला समजवा, आत्ताच्या आत्ता मला फोन लावायला सांगा."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हणलं, म्याडम कामावर हायत. मोकळ्या झाल्या की बोलतील."