बारीक माइकचा हेडसेट

खानदेशातल्या एका धावपट्टीवर मी शिकाऊ वैमानिकांची लहान विमानं दुरुस्त करतो. इंजिन तपासायची आमची रीत साधी होती. मी आत बसून इंजिन चालवायचो आणि आमचे सगळ्यात जुने मेकॅनिक, नाना, पंख्याच्या मागच्या अंगाला उभे राहून तेलाची गळती बघायचे. बोलणं सगळं हातवाऱ्यांनी. कानांच्या बंदोबस्ताला नाना भडगावहून घरच्या शेतातला कापूस आणायचे आणि सगळ्यांना वाटायचे. बाजारातले फोमचे बोळे कानाला टोचतात, असं त्यांचं ठाम मत होतं. ते त्यांनी कधी घालून पाहिले नव्हते.

एकदा नानांनी गालावरची माशी हाकलली आणि मी ती खूण समजून इंजिनाचा वेग वाढवला. नानांची टोपी कुंपणापलीकडच्या केळीत सापडली. त्यानंतर आमच्या वर्कशॉपच्या साहेबांनी आम्हाला हेडसेट मंजूर केला, पण स्वस्तातला.

गावात मोटारपंपाच्या सुट्या भागांचं दुकान आहे. तिथले शेटजी काहीही मागवून देतात. त्यांनी आधी ब्लूटूथवाला काढला. ट्रॅक्टरवर गाणी ऐकायला लोक हाच नेतात म्हणाले. बरंच समजावल्यावर त्यांनी वायरवाले तीन जोड पाहायला मागवले: एक महाग, एक मधला, एक स्वस्त.

निवड नानांनी करायची, हे न बोलताच ठरलं. भरताच्या वांग्यापासून इंजिनापर्यंत आमच्याकडे पारख वडीलधाऱ्यानेच करायची असते. तिन्ही जोड चालू इंजिनावर लावून पाहिले. मी आतून सांगायचो, नाना तसं करायचे आणि अंगठा दाखवायचे. समोर माइक असताना अंगठा कशाला, असं मनात आलं, पण जुनी सवय म्हणून मी सोडून दिलं. तिन्ही पास झाले. नानांनी शेवटचा, स्वस्तातला उचलला.

"बठ्ठं साफ ऐकू येस," ते म्हणाले. सगळं साफ ऐकू येतंय म्हटल्यावर साहेब खूश झाले.

आवराआवर करताना त्या शेवटच्या हेडसेटची वायर मला सीटखाली सापडली. ती जोडायला मी विसरलो होतो. पिनेवरचं प्लास्टिकचं टोपणसुद्धा निघालेलं नव्हतं.

आधी मला रागच आला. पंख्याजवळ न ऐकू येणारा माणूस म्हणजे केवढा धोका, हे नानांनीच मला शिकवलं होतं. पण कान गेल्याचं साहेबांना कळलं तर उद्याच घरी बसवतील, आणि निवृत्तीला अजून दीड वर्ष होतं. मी त्यांना हँगरमागे गाठलं आणि वायर पुढे केली. त्यांनी पिनेवरचं टोपण काढून खिशात टाकलं.

"चार वरीस व्हई ग्यात," ते म्हणाले. "तू काचमाईन बोलस ना, तुन्हं तोंड दिखास माले."

मग स्वस्तातलाच का, हे विचारल्यावर त्यांनी मला विमानाच्या काचेसमोर उभं करून तिन्ही हेडसेट एकेक करून माझ्या डोक्यावर चढवले. पहिल्या दोन्हींच्या माइकवर कापसाच्या बोंडाएवढा स्पंज होता. त्यामागे ओठ दिसत नव्हते; तिथे त्यांनी तपासणीच्या नेहमीच्या क्रमावरून अंदाजाने निभावलं होतं. स्वस्तातल्याचा माइक काडीसारखा बारीक होता.

चार वर्षं मी रोज त्यांच्यासमोर तोंड हलवत होतो आणि मला काही कळलं नव्हतं. मला फार लाज वाटली.

साहेबांना मी सांगितलं, नानांचे गुडघे दुखतात, यापुढे ते आत बसतील. त्यांचे गुडघे ठणठणीत आहेत. आता पंख्याच्या मागे मी उभा राहतो. गळती दिसली की काचेकडे तोंड करतो, तो बारीक माइकही हनुवटीखाली ढकलतो आणि एकेक शब्द सुटा करून बोलतो. नाना आतून अंगठा दाखवतात. वायर मात्र मी रोज न विसरता जोडतो.