इक्बालभाईंच्या टाचेवरचा डाग

शुक्रवारची संध्याकाळ होती, थंडी नुकतीच संपत आली होती. दोहात, अल सद्दला, आमच्या बिल्डिंगसमोरच्या फार्मसीत त्वचा स्कॅन करून द्यायची सोय सुरू झाली होती. माझ्या गालावरचा तीळ वाढलाय असं मंजिरीचं, म्हणजे बायकोचं, म्हणणं... महिनाभर मागे लागली होती. शेवटी गेलो.

सोबत इक्बालभाई होते. आमच्या साइटवरचे सर्व्हेअर, वय चोपन्न, गाव रत्नागिरीकडचं, दोहात बावीस वर्षं. त्यांना फक्त बीपीच्या गोळ्या घ्यायच्या होत्या.

तेव्हा अल थुमामाला स्टेडियमकडे जाणाऱ्या रस्त्याचं काम आमच्याकडे होतं. फुटबॉलचा वर्ल्ड कप तोंडावर आलेला, रोज मीटिंग, रोज नवीन डेडलाइन. ताप अंगावर काढून माणसं कामावर यायची... तीळबीळ कोण बघतो!

फार्मसिस्ट केरळची होती. हातात मावेल एवढा कॅमेरा तिने गालावर टेकवला, तीळ स्क्रीनवर बशीएवढा दिसला. फोटो स्किनच्या डॉक्टरकडे जातात, रिपोर्ट फोनवर येतो, म्हणाली. झालं, पाच मिनिटांचं काम.

उठता उठता मी सहज म्हटलं, "भाई, तुमच्या टाचेचं पण दाखवून घ्या की."

"अरे, तां काय दाखवायचा? डांबर हाय तां," असं म्हणत ते हसले. पण मोजा काढला.

उजव्या टाचेवर काळा डाग. कडा वेड्यावाकड्या, मध्ये एका ठिकाणी कातडी सोललेली. फार्मसिस्टने कॅमेरा लावला, मग पुसून पुन्हा लावला.

"अंकल, ये कब से है?"

"होगा सात-आठ महिना."

सात-आठ महिने... मी मनात मागे मोजत गेलो. कारण तो डाग मी आधी पाहिला होता. साइटवर दुपारच्या नमाजाआधी भाई नळावर पाय धूत होते, मी शेजारी बाटली भरत होतो. तेव्हा तो वाटाण्याएवढा होता. मीच म्हणालो होतो, "भाई, डांबर लागलंय बघा टाचेला, घासा जरा."

आणि ते घासत राहिले. आधी साबणाने, मग रॉकेलने, मग वजरीने. निघत नाही म्हणून मला दोनदा सांगितलंही होतं त्यांनी. मी ड्रॉइंगमधून मान वर न करता "निघेल हो" म्हणालो होतो.

माझा रिपोर्ट दोन दिवसांनी आला, काही नाही. त्यांच्यासाठी मात्र त्या शुक्रवारी रात्रीच फोन आला होता... उद्याच हॉस्पिटलला जा.

पुढचं भराभर झालं. तुकडा काढून तपासला, त्वचेचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन करून टाचेचा बराच भाग काढला, पण जांघेतल्या गाठींपर्यंत तो पोचला होता. मी डॉक्टरांना विचारलं, उन्हामुळे का? ते म्हणाले, तळपायाच्या कॅन्सरचा उन्हाशी फारसा संबंध नसतो. म्हणजे दोष द्यायला ऊनसुद्धा उरलं नाही.

घरी सांगायचं धाडस भाईंना होईना. मोबाइल माझ्या हातात दिला आणि खिडकीकडे तोंड करून बसले. भाभी पलीकडून पहिलं वाक्य बोलल्या, "जेवले काय ते?" ... कसं सांगितलं, माझं मला माहीत.

पुढचे उपचार मुंबईत घ्यायचं ठरलं. कंपनीने कागदपत्रं लवकर केली, तेवढं मान्य करायला हवं. एअरपोर्टला मीच सोडायला गेलो. वाटेत आमचा रस्ता लागला. नवं डांबर, नवे पट्टे, खांबांवर वर्ल्ड कपचे झेंडे. भाई बघत राहिले. "लेव्हल बरोबर बसलीय रे," एवढंच म्हणाले.

पार्किंगमध्ये गाडी थांबवली आणि मला राहवेना. म्हटलं, "भाई, तेव्हा मी डांबर म्हणालो नसतो तर..."

त्यांनी सीटबेल्ट सोडला. मग म्हणाले, "अभय, बावीस वर्सांत माज्या पायाकडं कोणी बगितलान? तू बगितलास तरी."

हे त्यांनी मनापासून म्हटलं, की मला हलकं वाटावं म्हणून... मला अजून कळलेलं नाही. मी व्हीलचेअर ढकलत आत नेली. सिक्युरिटीपाशी त्यांनी हात वर केला, मागे वळून बघितलं नाही.

गेल्या बुधवारी सकाळी भाभींचा फोन आला. इक्बालभाई गेले. वर्ल्ड कपला अजून पाच आठवडे आहेत.

काल टूलबॉक्स टॉकला, म्हणजे काम सुरू होण्याआधीच्या सुरक्षेच्या मीटिंगला, मी सगळ्यांना बूट काढायला लावले. बिहारचे, नेपाळचे, केरळचे, आपले... तीस-पस्तीस माणसं. आधी हसली, मग एकमेकांचे तळवे बघायला लागली. एकाच्या अंगठ्याच्या नखाखाली काळी रेघ होती. बहुतेक मार लागल्याची असेल. पण "बहुतेक" वर मी आता काही सोडत नाही. त्याला घेऊन संध्याकाळी क्लिनिकला गेलो, परवा रिपोर्ट येईल.

हे लिहून मला माफी मिळणार नाही, ती मागतही नाहीये. फक्त एक करा... आज घरी गेल्यावर आपल्या माणसाचे तळपाय उजेडात एकदा नीट बघा. काळं काही दिसलं तर ते काय आहे, हे तुम्ही ठरवू नका.