शिळ्या नोटा

परदेशी निघालेल्या माणसाची एक फेरी ताईच्या दुकानाकडे ठरलेलीच असायची. दुकान म्हणजे जिन्याखालची खोली. एक शिलाई मशीन, एक इस्त्रीचं टेबल आणि माप देणाऱ्यानं हात पसरले तर भिंतीला लागतील एवढीच मोकळी जागा. पडदे, उशांचे अभ्रे, शर्ट, पँटची उंची कमी करणं असं सगळंच ती करायची. पण तिचं नाव झालं ते चोरखिशांसाठी. पँटच्या कमरपट्टीच्या आत, कोटाच्या अस्तराखाली, बंडीच्या बगलेत ती असा खिसा बसवायची की घालणाऱ्यालाही चाचपून शोधावा लागे. एकदा एक गृहस्थ परदेशातून फोन करून विचारत होते, "ताई, खिसा नक्की शिवलाय ना? सापडत नाहीये." ही गोष्ट ताई हसून हसून सगळ्यांना सांगायची.

ताई हे तिचं नाव नव्हे. ते भावाचं हाक मारणं होतं, तेच सगळ्यांनी उचललं. आई गेली तेव्हा ती पंधरा वर्षांची आणि तो चार वर्षांचा. पुढच्याच वर्षी वडीलही गेले. मशीन चालवतानाही तिचं एक लक्ष सतत त्याच्याकडे असे, कारण पोरगं एका जागी टिकायचं नाही. म्हणून ती त्याला भोवऱ्या म्हणायची. लग्नाचा विषय निघाला की म्हणायची, "आधी याला मार्गी लावते." भोवऱ्या मार्गी लागेपर्यंत तिला विचारणारंच कुणी उरलं नाही. त्याचं तिला कधी वाईट वाटलेलं कुणी पाहिलं नाही.

भोवऱ्या वेल्डिंग शिकला आणि सहा वर्षांपूर्वी परदेशात एका कारखान्यात लागला. फोनवर दर वेळी एकच धोशा, "ताई, एकदा ये गं इकडे." ती म्हणायची, "येते, जमवते आहे."

आणि ती खरंच जमवत होती. परदेशातून परत आलेली गिऱ्हाइकं उरलेल्या नोटा तिला देत. कुणी शिलाईबद्दल, कुणी खुशीनं. त्यांतल्या भाऊ राहतो त्या देशाच्या नोटा ती वेगळ्या काढून डब्यात ठेवायची. पहिल्या चार वर्षांतच डबा चांगला भरला होता; पुढे तिकडून येणारं कुणी फिरकलं नाही.

मग एका सकाळी भोवऱ्याच्या सोबत राहणाऱ्या मित्राचा फोन आला. मित्र ताडमाड उंच, म्हणून त्याला सगळे लंबू म्हणत. फोनवर त्याचा आवाज मात्र एवढासा झाला होता.

"ताई, त्याला दवाखान्यात ठेवलंय. ताप छातीत उतरलाय. तुम्ही याल का?"

कारखान्यानं कागदपत्रं आणि विमानाचं तिकीट पाठवायचं कबूल केलं. त्याला तीन दिवस लागणार होते. विमानतळावर उतरल्यावर पुढे सहा तासांची बस होती. लंबू म्हणाला, "दिवसाला दोनच बस आहेत. एक सकाळी, एक संध्याकाळी सहाला. मी याला सोडून न्यायला येऊ शकत नाही. आणि आतल्या खोलीत मला फोन बंद ठेवावा लागतो."

"माझी काळजी करू नकोस," ताई म्हणाली. "त्याच्याजवळ बस."

त्या तीन दिवसांत तिनं स्वतःसाठी बंडी शिवली. दुहेरी कापड, चार चोरखिसे, बारीक टाके. जन्मभर दुसऱ्यांसाठी शिवलेलं पहिल्यांदा स्वतःच्या अंगावर चढणार होतं. ती काज करत बसली असताना बँकेतल्या मॅडम पडदे न्यायला आल्या. सगळं ऐकल्यावर त्या म्हणाल्या, "ताई, तुमचं कार्ड आहे ना? ते परदेशात चालण्यासाठी सुरू करून घ्यावं लागतं. उद्या बँकेत या, दोन मिनिटांचं काम आहे. आणि थोड्या नव्या नोटाही बदलून घ्या."

"नोटा आहेत हो माझ्याजवळ. डबाभर आहेत."

"तरी या. एकाच गोष्टीवर भिस्त ठेवू नये. एखादी अडली तर दुसरी हाताशी असावी."

"बघते," ताई म्हणाली, आणि दोऱ्याचं टोक दातांनी तोडलं.

ती गेली नाही. बँक दुकानापासून पाच मिनिटांवर होती. पण बंडीचा चौथा खिसा राहिला होता, आणि तिला वाटलं, पैसे अंगाला चिकटून असताना आणखी कसली सोय हवी.

विमान दुपारी उतरलं. बसचा थांबा विमानतळाला लागूनच होता. ताईनं स्वच्छतागृहात जाऊन एक खिसा उसवला आणि नोटा घेऊन तिकिटाच्या खिडकीशी उभी राहिली. खिडकीतल्या माणसानं एक नोट उजेडासमोर धरली, दुसरी धरली, आणि मान हलवून सगळ्या परत सरकवल्या. तिला वाटलं, घड्या पडल्यात म्हणून. तिनं काउंटरवर तळहातानं दाबून त्या सरळ केल्या. त्यानं स्वतःच्या गल्ल्यातली एक नोट काढून तिच्या नोटेशेजारी ठेवली. आकडा तोच, पण रंग वेगळा, चित्र वेगळं, आकारही लहान. त्या देशानं दोन वर्षांपूर्वीच नोटा बदलल्या होत्या. ताईच्या डब्यात त्या जशा पडल्या तशा शिळ्या होत गेल्या होत्या.

पैसे बदलायच्या दुकानात तिला खुणेनं समजावलं की जुन्या नोटा शहरातली मोठी बँकच घेते, आणि ती आता बंद झाली. आपल्या देशातले पैसे तिनं वाटखर्चापुरतेच आणले होते, तेही निघताना संपले होते. उरलं कार्ड. भिंतीतल्या मशीननं ते तीनदा घेतलं आणि तीनदा परत दिलं. पडद्यावर तांबडी अक्षरं उमटली. ती वाचता आली नाहीत, तरी तिला समजली.

तिचा फोन तिथे चालत नव्हता. एका प्रवाशाचा मागून तिनं लंबूला लावला. बंद. थोड्या वेळानं दुसऱ्याचा घेतला. बंद.

पावणेसहाला बस समोर येऊन उभी राहिली. माणसं चढली, सामान चढलं. त्या बसमध्ये चाळीसेक माणसं असतील. एकासमोर जरी हात पुढे केला असता, तरी तिकीट काही फार महाग नव्हतं. ताई दोनदा उठली. एकदा तर एका म्हाताऱ्या बाईच्या अगदी जवळ गेली. पण पंधराव्या वर्षापासून तिनं कुणाकडे काही मागितलं नव्हतं, आणि मागायचं कसं हेच तिला येत नव्हतं. ती त्या बाईकडे पाहून नुसती हसली आणि बाजूला झाली. सहाच्या ठोक्याला बस निघाली. ताई वळणापर्यंत तिच्याकडे बघत राहिली.

सकाळी बाकाखालून झाडू फिरवणाऱ्या बाईनं तिला ओळखलं. कालपासून ही इथेच आहे, हे तिच्या ध्यानात आलं. तिनं खुणेनं विचारलं, जेवलीस? ताईनं बसकडे बोट दाखवलं, मग रिकामे हात दाखवले, आणि तिला रडू कोसळलं. बाईनं झाडू भिंतीला टेकवला, खिडकीशी गेली, तिकीट आणलं आणि ताईच्या हातात कोंबलं. ताई कानातलं काढू लागली, तेव्हा तिनं ताईची मूठच मिटवून धरली. इतकं सोपं होतं ते.

दुपारी बस पोचली. लंबू थांब्यावर उभा होता. तो दवाखाना सोडून इथे आलाय हे पाहूनच ताईला कळलं.

"किती वाजता?" तिनं विचारलं.

"सकाळी साडेसातला."

साडेसातला ती बाकावरून उठून बसमध्ये बसत होती.

लंबूनं तिचे खांदे धरले. "ताई, मनाला लावून घेऊ नका. काल दुपारपासूनच त्याची शुद्ध हरपली होती. तुम्ही काल पोचला असता तरी तो तुमच्याशी बोलला नसता. मी शपथेवर सांगतो."

ताईनं मान हलवली. त्या शब्दांच्या आधारानं ती दवाखान्यापर्यंत चालली. भावाचं कपाळ तिनं पदरानं पुसलं, खरं तर पुसायला तिथे काही नव्हतं. पुढचं सगळं कारखान्याच्या लोकांनी आणि लंबूनं पार पाडलं. ती जिथे सांगतील तिथे सही करत होती.

दोन रात्री कारखान्याच्या पाहुणेखोलीत काढून तिसऱ्या दिवशी ती भावाची खोली आवरायला बसली. दोन खाटा, एक शेगडी, दोरीवर वाळत घातलेले कामाचे कपडे. एका शर्टाच्या बाहीला वेल्डिंगच्या ठिणग्यांची बारीक भोकं पडली होती. ताई ती बोटानं मोजल्यासारखी चाचपत होती. रात्री जमिनीवर अंथरूण घालायला लागली, तसा लंबू घाईनं म्हणाला, "छे छे, ताई, खाली नका झोपू. तुमची कंबर दुखते ना? तो मला बजावून गेलाय. म्हणाला, ताई सहाच्या बसला बसली असेल, आली की तिला माझी खाट दे. मग म्हणाला, मला खिडकीकडे तोंड करून बसव, म्हणजे रस्ता…"

लंबू मध्येच थांबला.

सहाची बस म्हणजे तिची चुकलेली तीच बस; त्या दुपारी त्याची शुद्ध हरपली नव्हती तर. भोवऱ्या तेव्हा बोलत होता. उठून बसला होता. खिडकीतून रस्ता बघत होता.

लंबू ओठ चावत उभा होता. इतका उंच माणूस, पण कुठे लपू असं त्याला झालं होतं. त्या पोरानं चार रात्री दवाखान्याच्या जमिनीवर काढल्या होत्या. ताईनं त्याच्याकडे पाहिलं आणि शर्टाची घडी पुरी केली.

"बरं," ती म्हणाली. "खाटेवर झोपते."

ती झोपली नाही, पण खाटेवर आडवी झाली. तोंड भिंतीकडे केलं, म्हणजे लंबूला तरी डोळा लागेल.

परत आल्यावर दुकान महिनाभर बंद राहिलं. बँकेतल्या मॅडम भेटायला आल्या आणि दारातच रडल्या. "मी हात धरून न्यायला हवं होतं तुम्हाला."

"तुम्ही सांगितलं होतंत," ताई म्हणाली. "मी खिसा शिवत बसले."

आता दुकान सुरू आहे. चोरखिसाही ती शिवून देते, हात तसाच बारीक चालतो. पण कापड घ्यायच्या आधी गिऱ्हाइकाला समोर बसवते. "बँकेला कळवलंत? कार्ड तिकडे चालेल ना? दुसरं कार्ड आहे का? ते या खिशात नको, सामानात वेगळं ठेवा. नोटा आत्ताच्या आहेत ना, घरात पडलेल्या नाहीत ना? फोन तिकडे लागेल?" काही जण हसतात. एकानं विचारलं, "ताई, तुम्ही शिवणकाम करता की बँक चालवता?" ताईही हसली, पण हातातली टेप खाली ठेवली नाही.

"आणि सगळंच अडलं," ती शेवटी सांगते, "तर शेजारी उभ्या असलेल्या माणसाकडे मागा. लाजू नका. लगेच मागा." ते बोलताना ती गिऱ्हाइकाकडे बघत नाही.

लंबू एकदा सुट्टीत येऊन गेला. दोन दिवस राहिला. भोवऱ्या भात कसा करपवायचा, कामावर गाणी कशी बेसूर म्हणायचा, हे सांगत राहिला आणि ताई पोट धरून हसली. निघताना तो उंबऱ्यावर घुटमळला. "ताई, मी त्या दिवशी…"

"गाडी चुकेल तुझी," ताई म्हणाली. "पोचलास की फोन कर."

त्यानंतर तो आला नाही. फोन मात्र दर रविवारी येतो. ताई त्या वेळी मशीन थांबवते, आणि तो आज काय जेवला, तेवढं विचारते.