ओढणीनं बांधलेला हात

बाईंनी माझीच ओढणी काढून माझा डावा हात स्टुलाला बांधला. म्हणाल्या, "भाता मारू नकोस. इथं भजन चालू नाहीये." बाकीची मुलं फिदीफिदी हसली.

गोंदियाजवळच्या कुडव्यातला पियानोचा क्लास. बाई एका डॉक्टरांच्या बायको, लग्न होऊन पुण्याहून इकडे आलेल्या. माझी आई त्यांच्याकडे धुणंभांडी करायची, म्हणून मला फी माफ. केवढं मोठं मन! मी तेव्हा आठवीत. बाबा विहारात भीमगीतांना पेटी वाजवायचे, त्यांचं बघून मीही शिकलेली. उजव्या हाताची तीन बोटं पट्ट्यांवर, डावा हात भात्यावर. पियानोला भाता नसतो हे त्या हाताला कोण सांगणार? उजवा वाजवायला लागला की डावा आपला हवेत हलायचा.

इतरांना बाई बोटं धरून शिकवायच्या. अंगठा सा, तर्जनी रे, मधलं बोट ग. मग मधल्या बोटाखालून अंगठा सरकवून म. तसं केलं नाही तर आठ सुरांना पाच बोटं पुरत नाहीत. मी म्हटलं, मलाही दाखवा.

"तुमच्या लोकांना अंगठा फक्त उमटवायला लागतो. तुझं तीन बोटांत भागेल."

वर मला कामाला लावलं. प्रत्येकाचं वाजवून झालं की पट्ट्या पुसायच्या. मी पुसायचे आणि बघायचे. एवढ्या शिकलेल्या बाई, पण पुसणारीलाही डोळे असतात हे काही त्यांच्या डोक्यात आलं नाही.

घरी पेटीवर तेच करत बसायचे. एकदा बाबांनी विचारलं, "अंगठा कायले लपवून राहिली वं?"

"लपवून नाही राहिली, बाबा. खालून काढून राहिली."

पालकांना बोलावलं त्या दिवशी बाईंनी मला पुढं बसवलं. कसं वाजवू नये, ते दाखवायला. मी वाजवलं. अंगठा बरोबर खालून गेला. वरच्या सापर्यंत गेले, तशीच खाली आले. डावा हात मांडीवर गप्प. टाळ्या पडल्या. बाई गांगरल्या, पण लगेच सावरल्या. निर्लज्जपणाला तोड नव्हती. माझ्या खांद्यावर पहिल्यांदाच हात ठेवून म्हणाल्या, "बघा, अशा मुलींनाही मी घडवते."

आई दाराशी चहाचे कप गोळा करत होती. बोलले तर तिचं काम जाणार, हे मला कळत होतं. तरी बोलले.

"बाईंनी नाही शिकवलं. बाईंनी माझा हात बांधला होता."

आईनं ट्रे खाली ठेवला. म्हणाली, "चाल घरी." काम गेलंच.

आज मी आमगावात मुलांना पियानो शिकवते. आता बाईंना क्लासच्या जाहिरातीत माझा फोटो हवाय, त्यांची विद्यार्थिनी म्हणून. देणार नाही. कुणाकडे शिकलीस असं कुणीही विचारलं, तर ओढणीपासून सगळं सांगणार. बाईंचं नाव घेऊन सांगणार.