उताराला भिणारा डोमाजी

गाडीत चढण्याआधी डोमाजी तिच्याभोवती एक फेरी मारायचा. प्रत्येक चाकाच्या आतल्या बाजूला हात घालून ब्रेकचा ड्रम चाचपायचा, ट्रेलरची कडी दोनदा हलवून बघायचा आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचा, "मले भेव लागून राह्यलं बाप्पा!" सहा फुटांचा धिप्पाड माणूस, दुसऱ्या महायुद्धाच्या लढाईत आसामच्या डोंगरात लष्करी ट्रक चालवून आलेला. असा माणूस भीती वाटते म्हणून पुकारा करतो, हे पाहून हमाल पोट धरून हसत. डोमाजी त्यांच्याकडे लक्ष न देता विडी विझवायचा आणि स्टिअरिंगवर बसायचा.

मी तेव्हा सौंसरच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर कारकून होतो. गाठींचं वजन घ्यायचं, पावती करायची आणि अधूनमधून मालाबरोबर पांढुर्ण्याच्या स्टेशनापर्यंत जायचं. डोमाजीबरोबरच्या पहिल्याच फेरीत वाटेतल्या नाल्याच्या रपट्यावर, म्हणजे बुटक्या पुलावर, गुडघाभर पाणी होतं. आमच्या पुढचा ट्रक त्यातून गेला, मागून आलेल्या दोन बैलगाड्याही गेल्या. डोमाजी मात्र काठावर बसून राहिला. दोन तास! पाणी उतरलं तेव्हा कुठे त्यानं गाडी घातली.

"सगळे गेले की, डोमाजी. कोणाला काही झालं नाही," मी चिडून म्हणालो.

"कायी झालं नाई हे मंग समजते, बाबू," तो म्हणाला. "भेव त्याच्या आंधी असते."

लढाईबद्दल तो फारसं बोलत नसे. एकदाच, पांढुर्ण्याला मालधक्क्यावर चहा पिताना, त्यानं सांगितलं की त्याच्या तुकडीत निधड्या छातीचे म्हणून नावाजलेले सहा ड्रायव्हर होते. "ते साही तिकडंच खोऱ्यात राह्यले. आमी भेकडं तेवढे घरी आलो." एवढं बोलून त्यानं बशीतला चहा संपवला आणि गाठी मोजायला उठला.

मग राज्यांची फेररचना झाली. नागपूर मुंबई राज्यात गेलं आणि आम्ही मध्य प्रदेशातच राहिलो. काल ज्या गावाला बाजारहाट करायला जात होतो ते गाव आज दुसऱ्या राज्यातलं झालं. गावभर नाना वावड्या उठल्या. नाक्यावर माल अडवणार, मराठी शाळा बंद होणार, नागपूरचे कागद इकडे चालणार नाहीत. खरं काय नि खोटं काय, सांगणारं कोणी नव्हतं. माझी स्वतःची एक आशा त्यात बुडाली. नागपूरच्या सरकारी कचेरीत मी अर्ज केला होता आणि तिथून बोलावणं येईल अशी चिन्हं होती. आता ते संपलं. बायको पहिल्या बाळंतपणाला लोधीखेड्याला माहेरी गेली होती. जिनिंगमधली नोकरी सुटली तर खायचं काय, हाच विचार रात्रंदिवस डोक्यात चालायचा. डोमाजीची मुलगी काटोलला दिलेली. तोही विचारायचा, "पोरीकडं जाले परवाना लागन काजी, बाबू?"

जिनिंगचे मालक शेटजी यांनी मात्र ठरवून टाकलं की नाक्याची भानगड नको, यापुढे माल छिंदवाड्याच्या बाजूला न्यायचा. म्हणजे रामाकोना गाव मागे टाकून पुढे घाट चढायचा. सपाट रस्त्यावर निभून जाणारं ट्रेलरचं ओझं आता डोंगरावर ओढायचं होतं. आमच्याकडे लढाईनंतर लिलावात घेतलेला जुना लष्करी ट्रक होता. शेटजींनी नागपुरातल्या एका विक्रेत्याकडून दुसरा, हलका आणि नव्या घडणीचा ट्रक आठवडाभर चालवून बघायला आणला. दोन्हींना तोच ट्रेलर आणि तेवढ्याच गाठी लावून घाट चढायचा, असं ठरलं. वही घेऊन मी बसणार होतो.

पायथ्याशी टाकी काठोकाठ भरायची, वर पोचल्यावर मापाच्या डब्यानं पुन्हा काठोकाठ भरायची. जेवढं मावलं तेवढं गाडीनं प्यालं. जुना ट्रक एका दमात, कुठेही न अडखळता वर गेला, पण डब्यावर डबे ओतावे लागले. दुसऱ्या दिवशी नवा ट्रक दोन वळणांवर धापा टाकत, पहिल्या गिअरमध्ये का होईना, वर पोचला. त्याला जुन्याच्या निम्म्याहून कमी पेट्रोल लागलं. मोटारीनं मागून आलेल्या शेटजींनी माझी वही बघितली आणि त्यांचा चेहरा उजळला.

"झालं तर मग. ओढतो आणि पितो कमी. अजून काय पाहिजे?"

"चढाई पाह्यली, शेटजी," डोमाजी म्हणाला. "उतार कोन पाहीन? जुनी गाडी म्हंजे म्हैस हाये. खाते लय, पन पाय रोवून उभी राहते. हे हलकी हाये. मांगचं ओझं हिलेच ढकलत नेईन."

"उताराला पेट्रोल लागत नाही, डोमाजी. तो फुकटच असतो," शेटजी हसून म्हणाले. "चला, घेऊन या खाली." आणि त्यांची मोटार पुढे निघून गेली.

डोमाजीनं ड्रम चाचपले, कडी हलवली. पण नेहमीचं वाक्य त्या दिवशी तो मोठ्यानं बोलला नाही. माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, "बाबू, आज खरंच भेव लागून राह्यलं. तुमी पायी या."

मी पायी गेलो असतो तर शेटजींनी विचारलं असतं. मी गाडीत बसलो.

पहिली दोन वळणं नीट गेली. तिसऱ्या वळणाआधी मागून धक्का बसला, कोणी पाठीत लाथ घालावी तसा. ट्रेलर ढकलू लागला होता. डोमाजीनं ब्रेक दाबला. जळक्या रबरासारखा वास आला आणि पायाखालच्या फळीतून धूर. त्यानं पुन्हा दाबला तेव्हा पेडल थेट तळाला टेकलं. गिअर खाली घ्यायला गेला तर नुसता दातावर दात घासल्यासारखा आवाज. उजवीकडे दरी होती. तिच्यातल्या सागाचे शेंडे माझ्या डोळ्यांच्या पातळीवर होते आणि ते वेगानं मागे पळत होते.

"बाबू, ब्रेक गेला," डोमाजी म्हणाला. आवाज अगदी साधा होता. "मी डावीकडं डोंगराले घासतो. पाय वर घ्या आन डॅशले घट्ट धरा. डोळे मिटू नका, नाई त डोकं आपटन."

मी डोळे मिटले नाहीत. सगळं पाहिलं. त्याचे दोन्ही पाय ब्रेकवर उभे होते, मानेच्या शिरा तट्ट फुगल्या होत्या आणि ओठ थरथरत होते. डावी चाकं नालीत उतरली, माझ्या बाजूचं दार दगडांवर खरवडत फाटत गेलं, काच अंगावर आली. मागे ट्रेलर आडवा होऊन कलंडला. दोन गाठी उसळून दरीत गेल्या. मग सगळं थांबलं. डोमाजीच्या कपाळातून रक्त वाहत होतं आणि तो माझे हातपाय चाचपून बघत होता, ड्रम चाचपावेत तसे.

दुसऱ्या दिवशी दुपारी शेटजींनी आम्हा दोघांना खोलीत बोलावलं. डोमाजीच्या डोक्याला पट्टी होती.

"तुला जुनीच गाडी हवी होती. म्हणून तू ही मुद्दाम ठोकलीस," शेटजी म्हणाले.

"ब्रेक गेल्ता, शेटजी. बाबूले विचारा."

शेटजी माझ्याकडे वळले. "काय हो, ब्रेक गेला होता?"

त्यांच्या आवाजात धमकी नव्हती. पण त्यांना कोणतं उत्तर हवंय ते मला कळलं. लोधीखेड्याला बाळंतपणाला गेलेली बायको डोळ्यांपुढे आली, नागपूरचा बुडालेला अर्ज आठवला.

"मी डोळे मिटले होते," मी म्हणालो. "मला काही सांगता येणार नाही."

डोमाजीनं एकदा माझ्याकडे पाहिलं. शेटजींनी त्याला तिथल्या तिथे कामावरून काढलं. त्याच संध्याकाळी आपली वळकटी घेऊन तो काटोलला मुलीकडे निघून गेला. मी काट्याच्या खोलीत पावत्या करत बसून राहिलो, बाहेर आलो नाही.

आम्हाला मुलगी झाली, तिचं बारसं झालं. रात्री तिला मांडीवर घेतलं की फाटत जाणारं ते दार दिसायचं. चारेक महिन्यांनी मी धीर करून शेटजींकडे गेलो आणि खरं काय ते सांगितलं.

"मला ठाऊक आहे," शेटजी म्हणाले. "मिस्त्रीनं दुसऱ्याच दिवशी सकाळी ड्रम उघडून दाखवले. तापून निळे पडले होते."

"मग डोमाजीला का काढलं?"

"गाडी परकी होती. झेपत नाही एवढं ओझं तुम्ही लावलंच का, असं विकणारा विचारणार. ड्रायव्हरनं ठोकली म्हटलं की प्रश्न मिटतो. आणि डोळे मिटले होते असं तुम्हीच तर म्हणालात."

पुढे शेटजींनी तोच नवा ट्रक दुरुस्त करून विकत घेतला, पण त्याला ट्रेलर लावून घाटात कधी पाठवला नाही.

शेटजींशी बोलणं झालं त्याच्या पुढच्याच रविवारी मी काटोलची बस धरली. सीमेवर कोणी अडवलं नाही, परवानाही मागितला नाही. डोमाजी मुलीच्या अंगणात संत्र्यांच्या पेट्यांना खिळे ठोकत बसला होता. मला पाहून उठला, बाज सरकवली, लेकीला पाणी आणायला सांगितलं. मी सगळं सांगून टाकलं, शेटजींचं बोलणंसुद्धा. तो ऐकत होता. मधे एकदा खिळा वाकला, तो त्यानं सरळ केला.

"माझ्यावर राग आला असेल," मी म्हणालो.

"राग नाई आला, बाबू. भेव लागलं."

"तेव्हा कसलं भय? घाटातून तर आपण वाचलो होतो."

त्यानं हातोडी खाली ठेवली.

"घाटात भेव कमीच होतं," तो म्हणाला. "तिकडं तुमी संगं होते. शेटजीच्या खोलीत मी एकलाच होतो."

मग त्यानं लेकीला हाक मारून माझंही ताट वाढायला सांगितलं.