वाघमारेंची प्रोफेसरी आणि माझी पोटदुखी

चर्चचे चार पाळक एकत्र बसले की किस्से निघतातच. लग्नातले, मयतीतले, उपदेश चालू असताना घोरणाऱ्यांचे. माझ्याकडचे मात्र बहुतेक सगळे एकाच माणसाचे आहेत, शांतवन वाघमारेचे. कारण साधं आहे. ज्याच्यावर आपण जळतो, त्याच्याकडे आपलं बायकोपेक्षा जास्त लक्ष असतं.

आम्ही दोघं एकाच वर्षी पाळक झालो. लढाईचे दिवस होते. त्याला पाटणची मंडळी, म्हणजे तिथलं चर्च, मिळालं, कोयनाकाठचं, हिरवंगार. मला म्हसवड. तिथं प्यायचं पाणीसुद्धा लांबून आणावं लागायचं.

वाघमारे एकदाच म्हसवडला येऊन उपदेश करून गेला. त्यानंतर दोन महिने मी एका उपदेशावर मेहनत घेतली. घसा बसलेला होता, तरी पाऊण तास बोललो. पहिल्या रांगेतली सरूबाई पदरानं डोळे पुसत होती. उपासना सुटल्यावर मी मुद्दाम तिच्याजवळ गेलो.

"सरूबाई, कुठलं वचन एवढं मनाला लागलं?"

"वचन न्हाई वो, पाळकसायब. वाघमारे पाळकांची याद आली. त्येंचाबी आवाज त्या दिशी असाच बसला हुता."

घरी येऊन मी जेवलो नाही. बायकोनं कारणही विचारलं नाही.

*

बेचाळीसच्या चळवळीनंतर गावोगावी वातावरण तापलेलं होतं. ख्रिस्ती माणूस म्हणजे सरकारचा, असा लोकांना संशय. पाटणच्या वाटेवर चार गड्यांनी वाघमारेला अडवलं.

"सायबाचा मानूस हाईस व्हय रं?"

"साहेबाचा असतो तर एवढा घाट पायी चढलो असतो का?" वाघमारे म्हणाला.

ते हसले. त्याला मळ्यात नेऊन भाकरी आणि खर्डा खाऊ घातला. हा किस्सा महिनाभर सगळीकडे फिरत होता.

पुढं तो तापानं पडला आणि पाटणची उपासना घ्यायला मला पाठवलं. त्याच वाटेवर मलाही अडवलं. तेच गडी, तोच प्रश्न. मला तर आनंदच झाला. छाती काढून म्हणालो, "साहेबाचा असतो तर एवढा घाट पायी चढलो असतो का?"

त्यातल्या थोरल्यानं माझ्या हातातल्या वस्तूकडे बोट दाखवलं. "मग ही सायकल कुनाची म्हनायची?"

सायकल मिशनच्या साहेबांनी दिलेली होती. वाघमारेपेक्षा माझ्याकडे जास्त असलेली तेवढी एकच गोष्ट. त्यांनी दोन्ही चाकांची हवा सोडली आणि मला जाऊ दिलं. भाकरीचं कुणी नावही काढलं नाही.

*

मग सांगलीच्या आमच्या सेमिनरीत, म्हणजे पाळक तयार करणाऱ्या कॉलेजात, प्रोफेसरची जागा निघाली. मुलाखतीला आम्ही दोघंच. बायबलातल्या नव्या कराराची मूळ भाषा ग्रीक, आणि माझं ग्रीक त्याच्यापेक्षा कितीतरी पक्कं. हे मी नाही, तोच सगळ्यांना सांगायचा. निवड त्याची झाली.

मी प्रिन्सिपॉलसाहेबांना जाऊन भेटलो. म्हटलं, "माझं ग्रीक कमी पडलं का?"

"छे, तुमचं ग्रीक उत्तम आहे," साहेब म्हणाले. "पण मुलांना ग्रीक येत नाही, हे वाघमारेंच्या लक्षात राहतं."

*

एकदा सांगलीला काम काढून मी त्याच्या वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसलो. चुका टिपायला. वही घेऊन गेलो होतो. पाचव्या मिनिटाला चूक सापडली. तेवढ्यात एका विद्यार्थ्यानं नेमकी तीच शंका विचारली.

वाघमारे शांतपणे म्हणाला, "मला येत नाही. मागं बसलेत त्या पाळकांना नक्की येईल." आणि खडू माझ्यापुढे धरला.

मी अर्धा तास फळ्यावर शिकवलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या. त्यात सगळ्यात जोरात वाघमारेच्या. एस.टी. तेव्हा नव्हती, सर्व्हिस मोटारनं परत येताना मला माझाच राग आला, की इतकं बरं का वाटतंय.

*

त्या रागातच मी ते केलं. सेमिनरीच्या कमिटीला पत्र लिहिलं. वाघमारे शास्त्र कमी आणि गोष्टी जास्त सांगतात, प्रश्नांची उत्तरं देता येत नाहीत, त्यांना परत खेड्यात पाठवावं. खाली फक्त 'एक हितचिंतक'.

पत्र टाकलं आणि झोप उडाली. ते पत्र त्याच्यापुढे ठेवून त्याची चौकशी झाली असं कानावर आलं. बायकापोरांसकट घर सोडावं लागतंय की काय, अशी बोलणी होती. पण कमिटीनं त्याला ठेवून घेतलं. मी सुटकेचा निःश्वास टाकला, आणि त्याच दिवशी पुन्हा जळायला लागलो.

वर्षानं वाघमारे म्हसवडला माझ्या घरी आला. माझ्या बायकोला म्हणाला, "वहिनी, चहा टाका, चांगली बातमी आहे." मग माझ्याकडे वळला. "सेमिनरीला आणखी एक शिक्षक हवाय. मी तुझं नाव घातलंय, कमिटी तयार आहे. आता बसल्या बसल्या अर्ज लिही, जाताना मीच घेऊन जातो."

मी लिहायला बसलो. चार ओळी झाल्या आणि कागद त्याच्यापुढे सरकवला. त्यानं तो नीट वाचला, एकदा उजेडाकडे धरला आणि परत माझ्या हातात दिला.

"अक्षर सुरेखच आहे तुझं," तो चहा बशीत ओतत म्हणाला. "फक्त या खेपेला खाली सही कर."