'ऑफ झाले' हा शब्द आणला कोणी?

कम्युनिटीवरच्या मित्रांनो, गेल्या आठवड्यात माझे वडील, नाना, वारले. आज दहाव्याचं कळवायला चुलतभाऊ दिल्या आमच्या नारपोलीच्या घरून फोन करत होता. ज्याला त्याला एकच, "नाना ऑफ झाले."

सातव्या फोनला मी चिडलो. "नाना काय ट्यूबलाइट आहेत? इंग्रज तरी असं बोलतात का? वारले म्हण ना!"

"दादा, वारले बोललो का माझा आवाजच जातो. तूच कर आता."

मी नानांच्या जुन्या मित्राला, मानकोलीच्या पाटीलकाकांना फोन लावला. "काका, आपले नाना..." पुढे तोंड उघडेना. शेवटी म्हणालो, "ऑफ झाले."

शब्दाचा राग अजून आहेच. तुम्ही घरच्या माणसाबद्दल काय म्हणालात? आणि ते धड म्हणता आलं का?